फाइलच्या नावापुढचं .एसटीपी, .सीडीआर, .एपीके : कुठली फाइल कशात उघडायची?

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं छोटं वर्कशॉप आहे. फाउंड्रीवाल्यांसाठी लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घडवतात ते नमुने, करतो. पूर्वी ड्रॉइंग कागदावर यायचं, टेबलावर पसरायचं आणि कामाला लागायचं. आता पार्टी मेलवर फाइल टाकते आणि पाच मिनिटांत फोन करते, "मिळालं का? कधी देताय?"

परवा एका पार्टीनं व्हॉल्व्ह बॉडीची फाइल पाठवली. नावाच्या शेवटी .एसटीपी. आमच्याकडं टूडी कॅडच आहे, त्यात ती उघडेना. ऑफिसातल्या पोरानं नाव बदलून शेवटी .डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगचं) केलं. चिन्ह लगेच बदललं, पोरगं खूश. डबल क्लिक केलं तर "ड्रॉइंग फाइल व्हॅलिड नाही". आता पोराचं म्हणणं, पार्टीनंच खराब फाइल पाठवलीय. पार्टीला तसं सांगायच्या आधी इथं विचारतोय.

त्याच मेलमध्ये आणखी एक फाइल आहे. तिच्या नावाला शेवटी टिंब वगैरे काहीच नाही, चिन्हाच्या जागी कोरा कागद. हे नक्की काय प्रकरण असतं, कुणीतरी मुळापासून सांगा की.

बिंदू_चौक

पार्टीला काही बोलू नका, फाइल धडधाकट असणार. पोराला म्हणावं, शेवटी परत .एसटीपी कर. नाव बदलल्यानं आतलं एक अक्षरही हललेलं नाही, त्यामुळं नुकसान शून्य.

नावातल्या शेवटच्या टिंबानंतर जे येतं ते एक्स्टेन्शन. त्याच्याकडं बघून विंडोज एवढंच ठरवतं की चिन्ह कुठलं दाखवायचं आणि डबल क्लिक झाल्यावर कुठल्या प्रोग्रॅमला हाक मारायची. आत काय आहे, हे त्या वेळी ते उघडून बघतसुद्धा नाही. बाहेरून आलेल्या गुळाच्या रव्यावर "कोल्हापुरी" असं लेबल चिकटवून मार्केट यार्डात ठेवला तर गिऱ्हाईक थांबेल, पण चव काय बदलायची नाही. तुमच्या कॅडनं चव घेतली आणि थुंकून टाकलं.

ही चव कशावरून कळते तेही सांगतो. बहुतेक प्रकारच्या फाइलींच्या अगदी सुरुवातीला ठरलेली खूण असते. एसटीपी म्हणजेच स्टेप, ही थ्रीडी मॉडेलची फाइल साधी मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्याच ओळीत आयएसओ-१०३०३-२१ दिसेल. तो त्या प्रमाणाचा क्रमांक. त्याखाली ओळींमागून ओळी, बहुतेकींच्या सुरुवातीला # आणि एक आकडा : कुठं बिंदू, कुठं कड, कुठं पृष्ठभाग. डीडब्ल्यूजी तशी उघडली तर कचरा दिसतो, पण पहिली सहा अक्षरं नीट वाचता येतात. एसी१०१५ असेल तर ती ऑटोकॅड २०००च्या पद्धतीची, एसी१०२७ म्हणजे २०१३ची, एसी१०३२ म्हणजे २०१८ची. जुन्या ऑटोकॅडमध्ये नवी डीडब्ल्यूजी का उघडत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा तिथंच मिळतं. फक्त बघायचं आणि बंद करायचं. "सेव्ह करू का?" विचारलं तर नाही म्हणा, कारण डीडब्ल्यूजीसारखी फाइल नोटपॅडमधून सेव्ह झाली की ती खरोखरच बाद होते.

तुमच्या कामाला फ्रीकॅड घ्या, फुकट आहे. त्यात स्टेप उघडते. मॉडेल फिरवून बघा, टेकड्रॉ नावाच्या भागातून हवे ते व्ह्यू काढा आणि डीएक्सएफ म्हणून एक्स्पोर्ट करा. ती तुमच्या टूडी कॅडमध्ये उघडेल. एका प्रोग्रॅमनं आतलं वाचून समजून घ्यायचं आणि दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा लिहून काढायचं, याला रूपांतर म्हणतात. नाव बदलण्यात यातलं काहीच होत नाही.

कागल_व्हीएमसी

आमच्याकडं उलटं झालंतं बघा. नव्या ऑपरेटरनं नोटपॅडमध्ये सीएनसी मशीनचा प्रोग्रॅम टाइप केला, ओ१००१.एनसी नाव दिलं आणि पेन ड्राइव्हवर टाकला. मशीनच्या लिस्टमध्ये फाइलच दिसंना. पेन ड्राइव्ह बदलला, पोर्टात फुंकर मारली, मेंटेनन्सवाल्याला फोन लावायच्या बेतात होते सगळे. शेवटी कळलं, खरं नाव ओ१००१.एनसी.टीएक्सटी. नोटपॅडनं आपलं .टीएक्सटी गुपचूप जोडलं आणि विंडोजनं ते लपवलं. सेव्ह करताना खालच्या "सेव्ह ॲज टाइप"मध्ये "ऑल फाइल्स" निवडायचं, मग जोडत न्हाई.

बिंदू_चौक

+१. ही लपवाछपवी आधी बंद करा. विंडोज ११ असेल तर कुठलंही फोल्डर उघडून व्ह्यू, मग शो, मग "फाइल नेम एक्स्टेन्शन्स"वर टिक. विंडोज १०मध्ये वर व्ह्यू टॅबमध्येच चौकट आहे. ओळखीची एक्स्टेन्शन्स दाखवायची नाहीत, ही मायक्रोसॉफ्टची फार जुनी खोड आहे आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यात वाईट निर्णय. लोकांना सोपं जावं म्हणून केलं असेल, पण नुकसान साध्या लोकांचंच झालं.

राजारामपुरी_फ्लेक्स

धागा आमच्या धंद्याचा निघाला, आता मोकळं होतो.

वाढदिवसाचा फ्लेक्स करायला येतात. मंडळाचा लोगो व्हॉट्सॲपवर आलेला, तोही तीन ग्रुप फिरून. म्हणतात, "सीडीआर करून घे की, एका मिनिटाचं काम आहे." सीडीआर म्हणजे कोरल ड्रॉची फाइल. फोटो कोरलमध्ये घेऊन .सीडीआर म्हणून सेव्ह करायला खरंच एक मिनिट लागतं. आणि इथं वरच्या पोरासारखं नुसतं नाव बदललेलं नसतं, अस्सल सीडीआर तयार होते. पण आत असतो तोच फोटो! लोगोच्या रेषा त्यात आपोआप येत नाहीत. बाराशे पिक्सेल रुंदीचा फोटो वीस फुटी बोर्डावर ताणला की इंचाला पाच ठिपके पडतात. मग लोगोतला वाघ मांजरासारखा दिसला की शिव्या आम्हाला.

रेषांचा लोगो हवा असेल तर माणसानं बसून तो ट्रेस करावा लागतो. त्याचे पैसे होतात. हे सांगितलं की पुढच्या दुकानात जातात.

दुसरं दुखणं फॉन्टचं. बाहेरून आलेली पत्रिकेची सीडीआर उघडली आणि तो जुना मराठी फॉन्ट आपल्याकडं नसला, तर "श्री गणेशाय नमः"च्या जागी भलतीच रोमन अक्षरं आणि कंस-स्वल्पविराम उमटतात. जुन्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात, वर फक्त मराठी आकार चढवलेले. पाठवणाऱ्यानं मजकूर "कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज" करून पाठवला तर हा प्रश्न येत नाही. (मग मजकुरात दुरुस्ती करता येत नाही, त्यामुळं मूळ प्रत जपून ठेवायची.) आणि नव्या कोरलची फाइल जुन्यात उघडत नाही, म्हणून सेव्ह करताना व्हर्जन खालचं निवडा. एक्स्टेन्शन दोन्हीकडं .सीडीआरच, तरी उघडत नाही. म्हणजे नाव खरं असलं तरी पुरत नाही.

हुपरीकर

पैंजणाच्या डिझाइनच्या एसटीएल फाइली (थ्रीडी आकाराच्या) येतात त्यात अजून एक गंमत. एसटीएलमध्ये आकडे असतात, पण ते मिलिमीटर आहेत की इंच हे लिहिलेलंच नसतं. इंचात काढलेलं डिझाइन मिलिमीटर समजून उघडलं की पंचवीसपट बारीक. फाइल बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, घुंगरू मात्र मोहरीएवढं.

मिसळ_जादा_कट

अगदी साधा प्रश्न विचारते. मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरतोय. साइटला फोटो .जेपीजी हवा. मिस्टरांच्या आयफोनमधला फोटो .एचईआयसी होता, मिस्टरांनी नाव बदलून .जेपीजी केलं. साइट म्हणते "इनव्हॅलिड फॉरमॅट". सेवा केंद्रात गेलं तर म्हणतात फोटो स्टुडिओतून काढून आणा. आणि .जेपीजी आणि .जेपीईजी वेगवेगळं असतं का?

बिंदू_चौक

ताई, दुखणं तेच. आयफोन २०१७ सालच्या आयओएस ११पासून फोटो एचईआयसीमध्ये ठेवतो, कारण त्यात जागा कमी लागते. साइट नुसतं नाव बघत नाही, सुरुवातीच्या खुणाही तपासते, आणि तशीच तपासायला हवी.

स्टुडिओत जायची गरज नाही. मिस्टरांना सांगा, मूळ फोटो कॉम्प्युटरवर फोटोज किंवा पेंटमध्ये उघडा आणि "सेव्ह ॲज"मध्ये जेपीईजी निवडा. विंडोजमध्ये एचईआयसी उघडत नसेल तर फोनवरूनच व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो म्हणून पाठवा. तो जेपीईजी होऊन येतो. दर्जा थोडा उतरतो, पण फॉर्मवरच्या फोटोला चालतंय. उलट जिथं दर्जा उतरायला नको, तिथं "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायचं. (फ्लेक्सवाले, हे तुमच्या गिऱ्हाइकांना सांगा.) पुढचे फोटो थेट जेपीईजीत हवे असतील तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, "मोस्ट कम्पॅटिबल".

.जेपीजी आणि .जेपीईजी एकच. डॉसच्या काळात नावाला आठ आणि एक्स्टेन्शनला तीनच अक्षरं मिळायची. म्हणून जेपीईजीचं जेपीजी झालं, एचटीएमएलचं एचटीएम. १९९५मध्ये विंडोज ९५ आलं, लांब नावं चालू लागली, पण तीन अक्षरांची सवय लागली ती लागलीच.

दूधसंस्था_सचिव

आमच्या संस्थेचं पंधरवड्याचं बिल सॉफ्टवेअरमधून .सीएसव्ही निघतं. त्यावर एक्सेलचंच चिन्ह असतं, उघडतंही एक्सेलमध्येच. पण उत्पादकांचे खाते क्रमांक १.२३ई+१५ असे काहीतरी दिसतात, सभासद क्रमांक ००४५चा नुसता ४५ होतो, आणि नावं वाचताच येत नाहीत. बँकेनं यादी परत पाठवली. आमचे अध्यक्ष म्हणतात सॉफ्टवेअर बदला.

बिंदू_चौक

सॉफ्टवेअर राहू द्या, चिन्हानं फसवलंय. सीएसव्ही ही एक्सेलची फाइल नाही. ती साधा मजकूर आहे, मधे स्वल्पविराम घातलेला. नोटपॅडमध्ये उघडा, ००४५ तिथं ००४५च दिसेल. कुठला रकाना आकडा, कुठला मजकूर, हे सीएसव्हीत लिहिलेलं नसतं. डबल क्लिक केलं की एक्सेल स्वतःच्या मनानं ठरवतं आणि आकड्यासारखं दिसेल ते सगळं आकडा समजतं. आकड्याच्या आधीच्या शून्यांना किंमत नाही, म्हणून ती गेली.

लांब क्रमांकांचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं पैसे भलत्याच्या खात्यात जायची भीती असते. एक्सेल आकड्यातले पहिले पंधरा अंकच धरून ठेवतं. आधार क्रमांक बारा अंकी, तो ई+ असा दिसला तरी आत शाबूत असतो. रकान्याचं फॉरमॅट "नंबर" करून दशांश शून्य केले की परत दिसतो. पण सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक उघडल्या क्षणी शून्य होतो. नुसतं बघून बंद केलं तर मूळ फाइल सुरक्षित. त्यावर सेव्ह केलंत की तो अंक कायमचा गेला. तुमची यादी बहुतेक अशीच सेव्ह होऊन बँकेत गेली.

म्हणून डबल क्लिक करायचंच नाही. कोरं एक्सेल उघडा, "डेटा"मध्ये "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही", फाइल निवडा. वर "फाइल ओरिजिन"मध्ये यूटीएफ-८ निवडलं की मराठी नावं सरळ होतील. मग "ट्रान्सफॉर्म डेटा"त जाऊन खाते आणि सभासद क्रमांकाचे रकाने "टेक्स्ट" करा. "रिप्लेस करंट?" विचारलं तर हो म्हणा. बँकेला द्यायची फाइल सॉफ्टवेअरमधून निघालेली तशीच द्या, मधे एक्सेलला हात लावू देऊ नका.

जाता जाता, जुन्या .एक्सएलएस प्रकाराबद्दल. त्यात एका शीटला ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे, .एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. २०२०मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यानं कोरोनाच्या चाचण्यांचे सीएसव्ही निकाल जुन्या एक्सएलएसमध्ये ओढले आणि मर्यादेपलीकडचे गळाले. जवळपास १६ हजार बाधितांची नोंद आठवडाभर राहून गेली. अध्यक्षांना हे वाचून दाखवा.

मिसळ_जादा_कट

फोटो घेतला एकदाचा साइटनं! पेंटमधून केला. आता म्हणते ५० केबीच्या आत हवा. तो पण पेंटमध्येच "रिसाइझ" करून बसवला. धन्यवाद दादा.

शाहूपुरी_पोरगा

वर्ड फाइलची ट्रिक कुणी सांगितली नाही अजून. संस्थेच्या अहवालातले पन्नास फोटो वेगळे काढायचेत? .डॉक्सची एक कॉपी करा, कॉपीचं नाव बदलून शेवटी .झिप करा. डबल क्लिक. आत "वर्ड" नावाचं फोल्डर, त्यात "मीडिया". सगळे फोटो ओळीत बसलेत, इमेज१, इमेज२ असे. एकेकावर राइट क्लिक करत बसायचं काम नाही.

उद्यमनगरी

थांबा थांबा. वर म्हणालात नाव बदलून काही होत नाही. आता हा पोरगा नाव बदलूनच वर्डची झिप करतोय. कुणाचं खरं धरायचं?

बिंदू_चौक

दोघांचंही. पोरानं झिप केलीच नाही, ती आधीपासूनच झिप आहे. वर्ड २००७पासून .डॉक्स म्हणजे आत मजकूर, फोटो, मांडणी अशा वेगवेगळ्या फाइली भरलेली झिपच असते. .एक्सएलएसएक्स आणि .पीपीटीएक्सही तसेच. नोटपॅडमध्ये उघडा, पहिली दोन अक्षरं रोमन "पीके" दिसतील. फिल कॅट्झ या माणसाची ती आद्याक्षरं, त्यानं १९८९मध्ये झिप आणलं. नाव बदलल्यानं विंडोजनं वर्डऐवजी झिप उघडणाऱ्याला हाक मारली, एवढंच. जुन्या .डॉकवर ही युक्ती चालणार नाही, तिची घडण वेगळी.

यावरून तुमच्या त्या बिनटिंबाच्या फाइलीचंही सुटेल. नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली अक्षरं इथं सांगा.

उद्यमनगरी

टक्क्याचं चिन्ह, मग रोमन पीडीएफ, मग आडवी रेघ आणि १.७. पुढं सगळा गोंधळ.

बिंदू_चौक

मग ती पीडीएफ आहे. पार्टीकडून पाठवताना एक्स्टेन्शन गळालं असणार. नावाच्या शेवटी .पीडीएफ जोडा. इथं नाव बदलणंच बरोबर, कारण आत तेच आहे.

उद्यमनगरी

उघडली! टूडी ड्रॉइंगच आहे हो, सगळ्या मापांसकट. मशीनिंग अलाउन्ससुद्धा लिहिलाय. आणि आम्ही इकडं त्या एसटीपीशी झटतोय.

कागल_व्हीएमसी

पोराला आता चहा पाजा.

ताराबाई_पार्क

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण या धाग्यावर हे यायलाच हवं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात "लग्नपत्रिका.एपीके" आली. पाठवणारा नंबर ओळखीच्या काकांचा, कारण त्यांचा फोन आधीच हॅक झालेला. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप बसवायची फाइल. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, व्हिडिओ असेल, एपीके कधीही नसते. बसवलं की ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि बँकेचा ओटीपी परस्पर पुढं जातो. ट्रॅफिक चलान आणि पीएम किसानच्या नावानंही अशाच येतात. कुणी बसवलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३०वर तक्रार करा.

बिंदू_चौक

विषयांतर कसलं, हाच मुद्दा. कॉम्प्युटरवर याचा भाऊ म्हणजे बिल.पीडीएफ.ईएक्सई. एक्स्टेन्शन लपलेलं असलं की नुसतं बिल.पीडीएफ दिसतं, आणि .ईएक्सईला चिन्ह कुठलंही देता येतं, पीडीएफचंसुद्धा. मे २०००मध्ये "आय लव्ह यू" व्हायरस जगभर पसरला तो याच युक्तीनं. मेलला जोडलेलं प्रेमपत्र टीएक्सटी दिसायचं, मागं लपलेलं असायचं .व्हीबीएस, म्हणजे चालणारी स्क्रिप्ट. पीडीएफ, जेपीजी यांच्या मागं अजून एक टिंब दिसलं तर फाइल थेट डिलीट करा.

उद्यमनगरी

एक शेवटचं विचारतो. काही पार्ट्या .एसएलडीपीआरटी पाठवतात, काही .पीआरटी. त्याचं काय?

शाहूपुरी_पोरगा

काका, पहिली सॉलिडवर्क्स या थ्रीडी कॅडची, दुसरी बहुतेक एनएक्स नाहीतर क्रिओ या कॅडची. त्या त्या कंपनीचं स्वतःचं स्वरूप, ते सॉफ्टवेअर असल्याशिवाय नीट उघडणं अवघड. सॉफ्टवेअर लाखांत जातं, त्या नादाला लागू नका. त्यांनाच स्टेप काढून द्यायला सांगा, त्यांच्याकडं ते "सेव्ह ॲज"मध्येच असतं.

उद्यमनगरी

ठीक. मग सगळ्या पार्ट्यांना हा मेसेज टाकतोय, चुकलं असेल तर सांगा : "थ्रीडी मॉडेल .एसटीपीमध्ये, टूडी ड्रॉइंग .डीएक्सएफमध्ये आणि सोबत मापांसह .पीडीएफ पाठवावी. व्हॉट्सॲपवर पाठवल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. ड्रॉइंगचे फोटो चालणार नाहीत."

राजारामपुरी_फ्लेक्स

शेवटची ओळ माझ्या दुकानाच्या दारावर लावतो.

बिंदू_चौक

मेसेज बरोबर आहे. फक्त "मापे मिलिमीटरमध्ये" एवढं जोडा. आणि पीडीएफ आणि स्टेप यांत माप वेगळं निघालं तर कुठलं धरायचं, हे प्रत्येक पार्टीकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.